अल्लीपूर : वार्ताहर

पहाटे 5.40

नागपूरला रात्री छापलेला अंक हिंगणघाटमार्गे अल्लीपूरच्या बसस्टँडवर उतरतो तेव्हा अजून अंधारच असतो. या गठ्ठ्याला आम्ही पार्सल म्हणतो. सुतळी तोडायची, अंक मोजायचे, जिल्ह्याची पुरवणी आत घालायची आणि पोरांना लाइनी वाटून द्यायच्या. बातमीदार मीच आणि एजंटही मीच. गावखेड्यात ही दोन्ही कामं पूर्वीपासून एकाच माणसाच्या गळ्यात असतात. बातमी लिहितो तोच पेपर विकतो, बिल वसूल करतो आणि दिवाळीला, वर्धापनदिनाला जाहिराती मागत फिरतो. संपादकीय आणि जाहिरात विभागात भिंत असावी असं पत्रकारितेच्या पुस्तकात असतं. आमच्याकडे ती भिंत माझ्या डोक्यातून जाते.

अंक पूर्वीपेक्षा कमी येतात. करोनाच्या टाळेबंदीत, 18 एप्रिल 2020 च्या आदेशाने राज्य सरकारने घरोघर पेपर टाकायला मनाई केली. आदेश लवकरच सैल झाला, कोर्टातही गाजला, पण तेवढ्यात लोकांना मोबाइलवरच्या पीडीएफची सवय लागून गेली. तेव्हा सुटलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही. जे उरले ते मुख्यतः निधनवार्ता आणि जाहीर नोटीस यांसाठी. शेतीच्या व्यवहाराची नोटीस वकील पेपरातच देतो आणि तिचं कात्रण फाइलला लावतो. बाकी बातमी त्यांनी आदल्या रात्रीच माझ्या यूट्यूब चॅनलवर पाहिलेली असते. मीच माझा अंक शिळा करतो आणि सकाळी तोच विकायला निघतो.

सकाळी 7.15

चहा अर्धा झाला नाही तोच फोन.

"काका, वाघ आला म्हन्ते ना शिवारात. बाया वावरात जायाले तयार नाही."

"कोन म्हन्ते?"

"व्हिडिओ फिरून रायला ना जी."

नोव्हेंबर संपत आलाय, कापसाचा वेचा सुरू आहे. वेचणीला बाया मिळवणं म्हणजे शेतकऱ्याला आधीच नाकीनऊ येतात. त्यात वाघाचं नाव निघालं की अख्खा दिवस बुडतो. बरं, अफवा म्हणून हसून सोडावं असंही नाही. बोरचा व्याघ्रप्रकल्प याच जिल्ह्यात आहे आणि समुद्रपूरकडच्या जंगलपट्ट्यात वाघाचे माग निघतात. म्हणून व्हिडिओ मागवला आणि एकेक चित्र थांबवून पाहिलं. वाघ खरा आहे, पऱ्हाटीही खरी आहे. कडेला ट्रॅक्टर उभा आहे, त्याच्या ट्रॉलीच्या पाटीवर पहिली दोन अक्षरं एमपी. आपली पाटी एमएच 32. आवाजात एक माणूस ओरडतो तो हिंदीत, आणि ती हिंदी आपल्याकडची नाही. तरी वनविभागाच्या ओळखीच्या वनरक्षकाला फोन केला. माग नाही, तक्रार नाही. मग चॅनलवर दोन ओळी टाकल्या: व्हिडिओ आपल्या भागातला नाही, कारण पाटी पाहा, वनविभागाकडे आज सकाळपर्यंत नोंद नाही, काही दिसलं तर अमुक ठिकाणी कळवा.

हे काम पेपरात कधी छापून येणार नाही. जी बातमी घडलीच नाही तिला कॉलम कोण देणार? पण माझ्या मते आजच्या दिवसातलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच झालं.

सेवाग्राम इथून दुचाकीवर तासाभराच्या वाटेवर आहे, म्हणून गांधीजींची आठवण काढतो. 1940 मध्ये पवनारच्या विनोबांपासून वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहाचा मजकूर छापण्याआधी दाखवा, असं इंग्रज सरकारने सांगितल्यावर गांधीजींनी 'हरिजन' बंद ठेवलं आणि लोकांना सुचवलं की प्रत्येकाने स्वतःच चालतंबोलतं वर्तमानपत्र व्हावं. सरकार कागद जप्त करील, तोंड कसं जप्त करणार? हा अर्धा भाग भाषणांत नेहमी ऐकायला मिळतो. उरलेला अर्धा सहसा कोणी सांगत नाही: बातमी कुठून आली त्याची खात्री करा आणि पोकळ गप्पा पसरवू नका, अशी अटही त्यांनी घातली होती. आता गावात घरटी एक चालतंबोलतं वर्तमानपत्र आहे. अट तेवढी मागे राहिली.

सकाळी 9.30

हिंगणघाट. कापूस घेऊन आलेल्या गाड्यांची रांग. या 2025-26 च्या हंगामात सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते, सातबारावर ई-पीक पाहणी लागते, दिवस मोबाइलवर ठरवून घ्यावा लागतो. लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल, मध्यम धाग्याचा 7,710. ओलावा 8 टक्क्यांवर गेला की कपात आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. एक म्हातारबुवा मोबाइल माझ्यापुढे धरून विचारतात, "भाऊ, हे ओटीपी कोनाच्या फोनवर गेलं?" गेलं पुण्याला, मुलाच्या फोनवर. मुलगा कामावर, फोन उचलत नाही. गाडी रांगेत उभी.

त्यांच्या परवानगीने तेवढंच चित्रित केलं आणि खाली नोंदणी कशी करायची ते पायरी-पायरीने सांगितलं. माझ्या चॅनलवर लोक असे व्हिडिओ शोधत येतात. भाषणाचे उघडून पाहत नाहीत.

दुपारी 12.00

परत अल्लीपूर, पोलीस ठाणे. वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे इथल्या बातमीदाराला मोहा सडवा, वॉश आउट, नाल्याकाठी ड्रम फोडले, या मजकुराची कधी वाण पडत नाही. प्रेसनोट आता व्हॉट्सॲपवर येते, फोटोसकट, मथळ्यासकट. जशीच्या तशी टाकली की काम झालं. बहुतेक जण तेच करतात. मी तरी एकदा ठाण्यात जातो, कारण नोटेत काय आहे ते सगळ्यांकडे असतं. काय नाही ते तिथल्या बाकावर बसलेल्या माणसांकडून कळतं.

दुपारी 2.00

जेवण आणि झूम एकदमच. नागपूरच्या एक वकील बाई ग्रामीण बातमीदारांशी बोलणार होत्या. देवळी, आर्वी, समुद्रपूर, आष्टी, सगळीकडचे चौकोन पडद्यावर. कोणाच्या मागे म्हैस, कोणाच्या मागे दुकानाची फळी.

पहिलाच प्रश्न देवळीवाल्याचा: "मॅडम, आमच्यावर हल्ला झाला तर तो पत्रकार संरक्षण कायदा आम्हाले लागू आहे का?"

बाईंनी गोड बोलून टाळलं नाही. महाराष्ट्राने 2017 मध्ये विधिमंडळात हा कायदा मंजूर केला, असा कायदा करणारं देशातलं हे पहिलं राज्य. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर 2019 मध्ये तो अमलात आला. हल्लेखोराला 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून, उपचाराचा आणि नुकसानीचा खर्चही हल्लेखोराने द्यायचा. इथपर्यंत ऐकून सगळे खूश. मग बाई म्हणाल्या, आता व्याख्या वाचा. नोंदणीकृत वृत्तपत्र किंवा वृत्तवाहिनीसारख्या माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटावर, मुख्य व्यवसाय म्हणून काम करणारा तो माध्यमकर्मी. तुमच्यापैकी किती जणांकडे नेमणुकीचं पत्र आहे?

कोणाचाच चौकोन हलला नाही. आमच्याकडे ओळखपत्र असतं, वर्षागणिक नवं होतं, मागे 'मानसेवी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मुख्य व्यवसाय विचाराल तर शेती, झेरॉक्सचं दुकान, एलआयसी. आणि ज्यांचं फक्त यूट्यूब चॅनल आहे त्यांचं काय, यावर बाईंचं उत्तर होतं की ते कोर्टात मांडावं लागेल, आधी गृहीत धरू नका. 1867 च्या छपाईच्या कायद्याची जागा 1 मार्च 2024 पासून नव्या नोंदणी कायद्याने घेतली, पण तोही नियतकालिकांपुरता. चॅनलवाल्याला त्यात नोंदणी नाही. उलट बाजूने मात्र फेब्रुवारी 2021 च्या आयटी नियमांनी डिजिटल बातमीवाल्यांना आचारसंहिता आणि वर देखरेखीची त्रिस्तरीय उतरंड लावली. तेव्हा 'द लीफलेट' हे संकेतस्थळ आणि पत्रकार निखिल वागळे मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि 14 ऑगस्ट 2021 रोजी त्यातल्या नियम 9 च्या मुख्य भागाला स्थगिती मिळाली. पुढे सरकारविषयीची कोणती बातमी खोटी ते सरकारचाच कक्ष ठरवणार, अशी दुरुस्ती आली. तीही सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे नियम लावायची वेळ आली की आम्ही माध्यम, आणि संरक्षणाची वेळ आली की आमची व्याख्या तपासायची.

आर्वीच्या पोराने माहिती अधिकाराचं विचारलं. त्याने घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मागितली होती. बाई म्हणाल्या, नोव्हेंबर 2025 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचे नियम आले, त्यासोबत माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ) बदललं. आधी व्यापक जनहित दाखवलं की त्याच कलमाखाली वैयक्तिक माहितीही मिळायची. आता 'वैयक्तिक' म्हटलं की दार लोटायला मोकळीक आहे. कलम 8(2) मधला जनहिताचा मुद्दा अजून शिल्लक आहे, अर्जात तो स्पष्ट लिहा आणि नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा.

मग खंडणीचा विषय निघाला आणि सगळ्यांचे माइक बंद झाले. बातमी झोंबली की बातमीदारावर खंडणीची तक्रार, हा आता ठरलेला डाव आहे. पण ती तक्रार चटकन खरी का वाटते, हेही आपल्यातच बोलायला हवं. माईकला रंगीत बूम लावून रेशन दुकानासमोर उभं राहणारे आणि पाचशे घेऊन व्हिडिओ न टाकणारे आमच्यातच आहेत. मोठ्या पेपरांनाही बोट दाखवायला जागा नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांचे स्पर्धक म्हणवणाऱ्या मराठी दैनिकांत एकच मजकूर वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता, पी. साईनाथ यांनी ते उघडं केलं तेव्हा 'पेड न्यूज' हा शब्द खेड्यापर्यंत पोचला. बूमवाला पाचशेत करतो ते तिथे पानाच्या दराने झालं, एवढाच फरक.

बाईंनी शेवटी तीन कामं सांगितली. बातमीआधी समोरच्याला केलेला फोन आणि मेसेज जपून ठेवा. मूळ फोटो, व्हिडिओ फोनबाहेर दुसरीकडे ठेवा. खात्यांना दुहेरी पडताळणी लावा, कारण टोळीने तक्रारी करून पान बंद पाडणं आता सोपं झालंय. माझं पान असं एकदा बंद पडलं होतं, ऐन निकालाच्या दिवशी. कंपनीकडून उत्तर आलं ते यंत्राचं, इंग्रजीत. दाद मागायला माणूसच नाही.

दुपारी 4.30

यशोदा नदीचं पात्र. सकाळीच एकाने सांगितलं होतं की रात्री रेती भरायला टिप्पर लागतात. सांगणारा पात्रापर्यंत आला नाही, लांबूनच हात दाखवून वळला.

पुण्या-मुंबईकडे वाळू म्हणतात, आमच्याकडे रेती. दरड नुकती कापलेली दिसते: वरची माती वाळून करडी, खालचा पट्टा अजून ओला, पिवळट. खड्ड्यात पाणी साचलंय आणि त्यावर डिझेलचा तवंग. टिप्परच्या मागच्या जोडचाकांचे माग पात्रातून निघून धुऱ्यावरून पांदण रस्त्याला लागतात. ज्याच्या वावराचा धुरा मोडला तो शेतकरी उभा होता. "पेपरात माह्यं नाव नोका देऊ बाप्पा," एवढंच म्हणाला. देणार नाही.

फोटो काढले, वेळ आणि ठिकाणाच्या खुणेसह. तलाठ्यांना फोन केला (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं). त्यांनी माहिती घेऊन पंचनामा करतो म्हणून सांगितलं, वेळ लिहून घेतली. या भागात लिलाव झालेला रेतीघाट आहे का, हे महसूलमधून विचारलं. जिथे मी उभा होतो तिथे नाही. शेवटचा फोन, ज्याचे टिप्पर म्हणून गावात नाव घेतात त्याला. हा फोन करताना घसा कोरडा पडतो, खोटं कशाला सांगू. पण हा फोन केल्याशिवाय बातमी होत नाही, तोवर ती तक्रार असते.

"माहे टिप्पर नाही," तो म्हणाला. "आन् काका, तुमी-आमी काय परके आहो का?"

परके नाहीच. गणपतीत त्याची अर्ध्या पानाची शुभेच्छा जाहिरात मीच घेतली होती. कमिशनही मला मिळालं.

सायंकाळी 6.10

बातमी चॅनलवर टाकली. नाव कोणाचं नाही, कारण टिप्परचा क्रमांक कोणी पाहिलेला नाही. कुठे, काय दिसलं, महसूल काय म्हणतो, लिलाव आहे की नाही, एवढंच.

पूर्वी बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचो. ते नागपूरला जायचं, कोणीतरी वाचायचं, छापायचं, अंक गावात यायचा, आणि मग सकाळी दहाच्या सुमारास दारात माणूस. मध्ये एक रात्र असायची. त्या रात्रीत संपादकाचा हात लागलेला असायचा. शिव्या खाव्या लागल्या तर त्या पेपरला पडायच्या, मी नुसता निरोप्या. आता बटण दाबल्यावर पाचव्या मिनिटाला फोन वाजतो आणि पलीकडच्याला ठाऊक असतं की लिहिणारा, छापणारा, मालक सगळं हा एकटाच आहे.

पहिला फोन ओळखीच्या पुढाऱ्याचा. निवडणुकीचे वारे आहेत, जाहिरातींची यादी त्यांच्याकडे. "काढून टाका ना भाऊ, उद्या बसून बोलू." दुसरा माझ्या चुलतभावाचा, त्याच्या मुलाचं काम त्याच पुढाऱ्याकडे अडलेलं. तिसरा अनोळखी, काही न बोलता ठेवला.

गावात दबाव असा येतो. बंदी घालायला कोणी येत नाही. भाऊ म्हणत येतात.

राजापूरच्या शशिकांत वारिसे यांचं नाव अशा वेळी डोक्यातून जात नाही. 'महानगरी टाइम्स'चे बातमीदार. बारसूच्या रिफायनरीसंदर्भात एका जमीन व्यवहार करणाऱ्याविषयी त्यांची बातमी 6 फेब्रुवारी 2023 ला छापून आली आणि त्याच दिवशी राजापुरात त्याच्या गाडीने त्यांना चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढे खुनाचा गुन्हा लागला. ती बातमी छापील होती, संकेतस्थळाची नव्हे. हल्लेखोराला माध्यमाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला माणूस सापडत होता.

मी बातमी काढली नाही. तालुक्याच्या पत्रकारांच्या गटावर फोनची वेळ आणि मजकूर टाकून ठेवला. समुद्रपूरच्या आणि हिंगणघाटच्या दोघांनी अर्ध्या तासात तीच बातमी स्वतः फोन करून, स्वतःच्या नावाने चालवली. एकाच माणसाच्या दारात जायचं असेल तर सोपं असतं. तिघांची दारं तीन गावांत असली की गाडीचं डिझेल तरी जास्त जळतं. आजच्या घडीला आमच्यासाठी यापेक्षा पक्का कायदा मला माहीत नाही.

रात्री 8.00

पैशाचा हिशेब. यूट्यूबने पैसे द्यायला लागावं यासाठी 1,000 सदस्य आणि वर्षात 4,000 तास पाहिलं जाणं लागतं. ते कधीच झालं, पण मराठी गावच्या चॅनलला येतात ते पैसे मोबाइलच्या रिचार्जला आणि पेट्रोलच्या थोड्या भागाला पुरतात. ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये कायदा करून गूगल-फेसबुकला वृत्तसंस्थांशी पैशाचा सौदा करायला लावलं. कॅनडाने 2023 मध्ये तसंच करायचं म्हटलं तर मेटाने तिथे बातम्या दाखवणंच बंद केलं. अल्लीपूरच्या पातळीवर मी एवढंच केलं: चॅनलवर क्यूआर कोड ठेवला. काही शिक्षक, कृषी केंद्रवाले, पुण्यात नोकरीला गेलेली इथली पोरं वर्षाचे थोडेफार पाठवतात. रेतीच्या बातमीनंतर आज एकाने पाठवले आणि लगेच मेसेज केला, माझं नाव कुठे दिसत नाही ना?

दिसत नाही.

रात्री 9.25

नागपूरहून डेस्कचा फोन. उपसंपादक पोरगा तरुण आहे, घाईत असतो, पण वाचून विचारतो ही त्याची चांगली गोष्ट.

"काका, रेतीची बातमी जिल्हा पानावर घेतोय. चॅनलवर आधीच गेली म्हणून साहेब जरा नाराज आहेत."

"महसूलचं म्हणणं पूर्ण फक्त तुम्हाला दिलंय."

"तेच सांगितलं त्यांना. तिथे लिलाव झालेला नाही हे कन्फर्म आहे ना? आणि नाव द्यायचं की नेहमीसारखं वार्ताहर?"

घरातून बायको हातानेच नाही म्हणाली. तिचं बरोबर आहे. नाव टाकलं की उद्या बसस्टँडवर पार्सल सोडताना तेच बोलणं. पण दुपारी वकील बाईंनी विचारलेलं पत्र माझ्याकडे नाही आणि ते कोणी देणारही नाही. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर मी या पेपरचा माणूस आहे हे दाखवायला तारीखवार कात्रणं एवढाच कागद माझ्याजवळ असेल, आणि कात्रणावर 'वार्ताहर' असलं तर तो वार्ताहर कोण हे पुन्हा शाबीत करा.

"नाव द्या," म्हणालो. "पूर्ण. आडनावासकट."

"बरं. आणि दरडीचा आडवा फोटो पाठवा, पानात उभा बसत नाहीये. दहाच्या आत."